यात्रेनंतर स्कीइंग शिकायला जायचंय : औली, सोलंग की गुलमर्ग?

अक्कलकोटरोड

नमस्कार मंडळी. सोलापूरचा माणूस बर्फाचं विचारतोय, तर हसायचं असेल ते आधी हसून घ्या, मग उत्तर द्या.

आमचा एमआयडीसीत टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. मुलगी सातवीत, लहानपणापासून रोलर स्केटिंग करते. गुलमर्गच्या खेलो इंडियाच्या स्पर्धा तिनं मोबाईलवर बघितल्या आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. बहिणीचा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, त्यालाही यायचंय. पण त्याला स्की नको, स्नोबोर्डच (दोन्ही पायांना मिळून एकच फळी) पाहिजे, कारण म्हणे ‘स्की म्हातारी माणसं करतात’. हे ज्ञान रीलमधून मिळालेलं आहे. मी स्वतः बेचाळिशीचा, पोट सुटलेलं, गुडघे अजून तरी शाबूत. आई म्हणते तिकडे जाताच आहात तर बद्रीनारायण करून येऊ.

अडचण तारखांची. सिद्धेश्वराची यात्रा सोडून मी कुठं जाणार नाही. अक्षता, होम, शोभेचं दारूकाम झाल्याशिवाय घरातलं कुणी गाव सोडत नाही. मुलीची वार्षिक परीक्षा मार्चच्या पुढं. म्हणजे जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारी, एवढीच फट.

इथल्या एका टूरवाल्याकडे गेलो. त्यानं मनालीचं पॅकेज दाखवलं. पाच रात्री, चार जागा, त्यात एका ओळीत ‘स्कीइंग, १ तास’. एका तासात माणूस काय शिकतो? आणि आपल्यासारख्यानं छोट्या उतारावर जावं का सरळ गुलमर्गसारख्या मोठ्या ठिकाणी? सामान विकत घ्यायचं का भाड्यानं? भाच्याला बोर्ड देऊ का नको? जाणकारांनी सांगा.

कन्नाचौक

काय ओ मालक, येवढ्या लांब कशाला जाताव? हैदराबादला स्नो वर्ल्ड हाय की. सकाळी निघा, दुपारी बर्फात, रात्री बिर्याणी हाणून परत. पोरगी पण खूश, आई पण खूश. हाडं मोडून घ्यायला हिमालयात कशाला जायचं सांगा बरं?

शिट्टीवाल्या_बाई

हैदराबादचं ते पोरांना बर्फ दाखवायला ठीक आहे, पण प्रश्न स्कीइंगचा आहे. तिथं ते शिकता येत नाही. विषय संपला.

आता अक्कलकोटरोड, तुमच्याकडे येते. मी शाळेत पी.टी. शिकवते. उत्तराखंडातल्या औलीचा कोर्स नोकरीच्या सुरुवातीच्या काळात केला, नंतर शाळेतल्या आणि ओळखीतल्या पोरांना घेऊन जात राहिले. त्यामुळे लांबण लागणार, चहा घेऊन बसा.

आधी तो ‘१ तास’. ते स्कीइंग नव्हे, फोटो आहे. रस्त्याकडेच्या दुकानातून भाड्याचा कोट आणि बूट देतात, उतारावर एक पोरगा मागून धरून तुम्हाला थोडं खाली नेतो, परत वर आणतो. निम्मा वेळ बूट अडकवण्यात जातो. त्या पोरांना दोष देत नाही, ती स्वतः झकास स्की करतात. पण तासाभरात कुणीही कुणाला काही शिकवू शकत नाही, आणि त्यांना तुम्ही परत भेटणारही नसता.

म्हणून मनालीजवळचं सोलंग वाईट असं समजू नका. मनालीची अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था सोलंगच्या उतारावर रीतसर कोर्स घेते. २०१८ साली तुर्कस्तानात स्लॅलममध्ये (खांबांमधून नागमोडी उतरायची शर्यत) कांस्य मिळवणारी आंचल ठाकूर मनालीचीच. आंतरराष्ट्रीय स्कीइंगमधलं भारताचं पहिलं पदक म्हणून ते गाजलं. लेकीला तिच्या शर्यती दाखवा, रील दाखवण्यापेक्षा बरं.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्यानं डोंगराच्या उंचीवरून जागा निवडू नये. गुलमर्गचा गंडोला, म्हणजे बंद डब्यांचा रोपवे, दोन टप्प्यांत वर जातो, पहिला कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९५० मीटरवर. तिथून खाली उतरणं हे मुरलेल्या लोकांचं काम आहे. हिमस्खलनाचा धोका असतो, सगळा उतार दाबून सपाट केलेला नसतो. तुम्ही गुलमर्गला गेलात तरी तुमचा आठवडा खालच्या छोट्या उतारावर, ओढून नेणाऱ्या लिफ्टच्या आसपासच जाणार. नवख्याला लागतो तो शंभर-दोनशे मीटरचा मंद उतार, खाली थांबायला भरपूर सपाटी, आणि रोज तोच शिक्षक. हे छोट्या ठिकाणी जास्त चांगलं मिळतं, कारण तिथं दुसरं काही करण्यासारखंच नसतं!

म्हणून तुमच्यासाठी मी औली म्हणते. गढवाल मंडळ विकास निगम तिथं सात दिवसांचे आणि चौदा दिवसांचे कोर्स घेतं. राहणं, जेवण, स्की, बूट, शिक्षक सगळं एका आवारात. सकाळी उठायचं आणि उतारावर. लिफ्टसुद्धा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. जागा भराभर भरतात, म्हणून दिवाळी झाली की फोन लावा, आणि मुलीच्या वयाचं तेव्हाच विचारून घ्या.

बर्फाचं मात्र कुणी हमीनं सांगू शकत नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गला उतारावर वाळलेलं गवत दिसत होतं. २०२५ ला खेलो इंडियाच्या तिथल्या स्पर्धा बर्फ नाही म्हणून फेब्रुवारीतून पुढं ढकलल्या, त्या ९ ते १२ मार्चला झाल्या. तुमच्या लेकीनं बघितल्या त्या बहुतेक त्याच. औली तर आणखी खाली आहे, २,५०० ते ३,०५० मीटरच्या दरम्यान. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांच्या वेळी तिथं कृत्रिम बर्फाची यंत्रं बसवली, पाण्यासाठी तलाव केला. पण यंत्र म्हणजे काही फ्रीज नव्हे. ते बारीक पाणी हवेत उडवतं, गोठवायचं काम बाहेरच्या हवेचंच. ती उणे दोन-तीनपर्यंत उतरलेली आणि कोरडी पाहिजे, हवेत दमटपणा असला तर अजून खाली. उबदार हिवाळ्यात यंत्र असून नसल्यासारखं. म्हणून तुमची यात्रेनंतरची तारीख सोयीची आहे. डिसेंबरात आणि जानेवारीच्या सुरुवातीला जाणाऱ्यांचेच जास्त हाल होतात. परतीच्या तिकिटाला मात्र दोन दिवस मोकळे ठेवा.

जायचं कसं? सोलापुरातून कर्नाटक एक्सप्रेसनं थेट दिल्ली. तिथून हरिद्वार-ऋषिकेश. ऋषिकेशहून औलीच्या पायथ्याचं जोशीमठ अडीचशे किलोमीटर, आणि हे अडीचशे म्हणजे सोलापूर-पुणे नव्हे. अख्खा दिवस जातो. पहाटे निघा, नाहीतर पिपलकोटीला मुक्काम करा. डोंगरात रात्रीची गाडी नकोच. जोशीमठहून औलीला पूर्वी सगळे रोपवेनं जायचे. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचायला लागली, घरांना भेगा पडल्या, तेव्हा तो बंद केला. आता रस्त्यानं जायचं. पंधराएक किलोमीटर आहे, पण वरचा भाग गोठलेला असला तर चाकांना साखळ्या बांधलेली स्थानिक जीप घ्यावी लागते. दिल्लीहून आणलेल्या गाडीच्या ड्रायव्हरनं ‘जाएगी जाएगी’ म्हटलं तरी ऐकू नका.

आईंना जरूर न्या. बद्रीनाथाचं देऊळ हिवाळ्यात बंद असतं, पण त्या काळातली पूजा पांडुकेश्वरला आणि जोशीमठच्या नृसिंह मंदिरात चालते. वाटेत देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग लागतात. त्यांची यात्रा तुमच्याआधी होईल. फक्त त्यांना जोशीमठला ठेवा. वरती संध्याकाळी बाथरूमच्या नळातून पाणी येत नाही, पाइपातच गोठतं.

भाच्याचं पुढच्या खेपेला लिहिते, तास सुरू व्हायचाय.

पार्कचौक

मी मूळचा पार्क चौकातला, सध्या जर्मनीत, फ्रायबुर्गजवळ. बाईंचं छोट्या उताराचं म्हणणं एकदम मान्य. त्याला जरा इकडची भर घालतो.

परदेशातलं स्कीइंग म्हटलं की आपल्याकडे डोळ्यासमोर स्वित्झर्लंड येतं. पण इथली सामान्य घरातली पोरं शिकतात ती गावातल्या टेकडीवर. माझ्या घरापासून फेल्डबेर्ग दिसतो, ब्लॅक फॉरेस्टमधला सगळ्यात उंच डोंगर. उंची किती? १,४९३ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ आहे! बर्फ पडतो तो आम्ही इतके उत्तरेला आहोत म्हणून. आणि जगातली पहिली स्की लिफ्ट आल्प्समध्ये नव्हे, इथल्याच शोलाख नावाच्या खेड्यात १९०८ साली सुरू झाली. रॉबर्ट विंटरहाल्डर नावाच्या खानावळवाल्यानं आपल्या पाहुण्यांसाठी पाणचक्कीवर दोर फिरवला. लांबी २८० मीटर, चढ फक्त ३२ मीटर. म्हणजे हा सगळा धंदा सुरूच झाला तो दहा मजली इमारतीएवढ्या उतारावर.

आमच्या शेजारच्या खेड्यात अजून तशी एक लिफ्ट आहे. गावचा क्लब चालवतो. तिकिटाच्या खोक्यात बसलेला माणूस दिवसा सुतारकाम करतो. बर्फ पडला की गावातल्या फळ्यावर पाटी लागते, संध्याकाळी दिवे लावून दोन-तीन तास उतार चालू. पोरं शाळेतून थेट येतात. तासाचं तिकीट मिळतं, दिवसाचं घ्यावं लागत नाही. स्की कुणाची तरी जुनी, थोरल्याची धाकट्याला. शेडमध्ये सॉसेज आणि गरम रस. मी शेंगाचटणी आणि चपातीचा रोल खिशात घेऊन जातो, आता क्लबातले दोघं-तिघं तो मागून खातात. पण अशा कमी उंचीच्या लिफ्टांचं भविष्य काही खरं दिसत नाही. काही हिवाळ्यात जेमतेम थोडे दिवस चालू, बाकी हिरवं गवत. यंत्र घ्यायचं तर क्लबाला परवडत नाही.

आता भाचा. मी स्वतः बोर्डवाला आहे, त्यामुळे त्याची बाजू घेतो. पोराला बोर्ड पाहिजे तर बोर्ड द्या. मनाविरुद्ध स्की बांधली तर आठवडाभर तोंड पाडून बसेल. फक्त त्याला दोन गोष्टी आधी सांगा. स्कीवर पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत माणूस कसाबसा घसरायला लागतो. बोर्डवर पहिले दोन दिवस फक्त आपटणं असतं, एकदा ढुंगणावर, एकदा गुडघ्यांवर. तिसऱ्या दिवसानंतर मात्र भराभर जमतं. दुसरं म्हणजे ती ओढणारी लिफ्ट, दोराला लोंबणारा दांडा माणसाला उभ्यानंच वर ओढत नेतो. स्कीवाल्याचे पाय पुढच्या दिशेनं असतात, दांडा मांडीमागं घेतला की झालं. बोर्डवाला आडवा उभा, मागचा पाय सुटा, दांडा दोन मांड्यांच्या मध्ये, आणि कमरेपासून वरचं अंग पिळून पुढं बघायचं. छोट्या उतारांवर बहुतेक अशाच लिफ्टा असतात. तिथं पडला की दोर सोडून पटकन बाजूला व्हायचं, नाहीतर मागचा अंगावर येतो.

मनगटाचे गार्ड घ्यायला लावा. नवखे बोर्डवाले पडताना हात टेकतात आणि मनगट जातं. स्केटिंगवाल्यांचे मिळतात ते ग्लोव्ह्जच्या आत बसतात का बघा.

शिट्टीवाल्या_बाई

पार्कचौक, तुमच्या खेड्याचं वाचून बरं वाटलं. पण भाच्याच्या बाबतीत मी ऐकणार नाही. औलीचे कोर्स स्कीचे असतात. बोर्ड आणि बोर्ड शिकवणारा दोन्ही मिळतील अशी आधी फोनवर खात्री झाली तरच त्याला बोर्ड, नाहीतर स्की. बोर्डच हवा असा हट्ट असेल तर त्याला वेगळा गुलमर्गला पाठवा, तिथं भाड्याचे बोर्डही मिळतात आणि शिकवणारेही. मामाबरोबर यायचं तर मामासारखं शिकायचं. आणि ‘म्हातारी माणसं’ म्हणे! औलीला भारत-तिबेट सीमा पोलिसांची संस्था आहे. ते जवान पाठीवर बोजा घेऊन स्कीवर उतरतात, ते दाखवा त्याला.

अक्कलकोटरोड

बाई, पार्कचौक, दोघांचे आभार. आईनं नृसिंह मंदिराचं ऐकलं आणि बॅग काढली. अजून पाच महिने आहेत म्हटलं.

आणखी काही शंका. कपड्यांचं काय? घरात सुती बनियन, सुती इनर, चादरी, टॉवेल यांची कमी नाही. बूट आपले ट्रेकिंगचे चालतात का? आणि पहिल्या दिवशी नक्की काय करून घेतात? मला पडायची भीती आहे असं नाही, पण उठायचं कसं ते कळत नाही. व्हिडिओत सगळे उभेच असतात.

शिट्टीवाल्या_बाई

शेवटचा प्रश्न फार चांगला विचारलात, लोक हा विचारतच नाहीत.

कपड्यांचं आधी. तुमच्या धंद्याविरुद्ध बोलते, राग मानू नका. बर्फावर अंगाला सूत नको. टेरी टॉवेलचं काम पाणी प्यायचं, ते तो बर्फावरही इमानानं करतो. शिकताना माणूस सपाटून घामाघूम होतो, सुती बनियन तो घाम धरून ठेवतं, मग रांगेत उभं राहिलात की पाठ गारठते. अंगालगत लोकरीचं किंवा सिंथेटिक, त्यावर फ्लीस, वर वाऱ्यापाण्याचं जाकीट. सुती जीन्स तर अजिबात नको. टॉवेल खोलीत अंघोळीला न्या, आणि दोन जास्त न्या. तिथले बघितलेत तर धंदा वाढवावासा वाटेल.

काही विकत घ्यायचंच असेल तर ग्लोव्ह्ज, गॉगल आणि मोजे. बाकी सगळं भाड्यानं. कोर्समध्ये स्की, बूट, काठ्या मिळतातच. हेल्मेट मिळतं का विचारा, नसेल तर मुलीचं इथूनच न्या. उन्हाला हलकं घेऊ नका. सोलापूरच्या मे महिन्यात भाजून निघालेली कातडी आहे म्हणून माणसं बिनधास्त जातात. पण दर हजार मीटरला अतिनील किरणं दहाएक टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यातले ऐंशी टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो. म्हणजे ऊन खालूनही लागतं. क्रीम हनुवटीखाली आणि नाकपुड्यांखालीही लावायचं. गॉगलशिवाय दिवस काढला तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, डोळे उघडत नाहीत.

ट्रेकिंगचे बूट स्कीला चालत नाहीत. स्कीचा बूट कडक प्लास्टिकचा, घोट्याच्या वरपर्यंत. त्याचा नंबर पावलाच्या लांबीवर, सेंटिमीटरमध्ये असतो, म्हणून घरीच भिंतीला टाच लावून पाऊल मोजून ठेवा. तिथं गर्दीत काउंटरवरचा माणूस ‘आठ नंबर? हे घ्या’ म्हणून काहीही हातात देतो. मोजा एकच घालायचा, लांब, सुरकुती न पडलेला. दोन मोजे घातले की पाऊल आत हलतं आणि रक्त अडतं, पाय उलट जास्त गार पडतो. पॅन्ट किंवा इनरची कड बुटात अडकवायची नाही, नाहीतर नडगीवर वळ उठतात. बूट घालून सरळ उभं राहिलात की अंगठा पुढं जेमतेम टेकला पाहिजे, आणि गुडघे वाकवले की टाच मागं बसून अंगठा मोकळा झाला पाहिजे. नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली. तसं होत नसेल तर बदलून मागा, दोनदा मागा, तिसऱ्यांदाही मागा. पहिल्या दिवशी जो लाजला त्याचा आठवडा वाया.

बूट स्कीत अडकवायच्या आधी तळव्याचा बर्फ काठीनं खरवडायचा. पुढचा चवडा आधी, मग टाच दाबायची, कट्कन आवाज आला की बसलं. ते जे बांधणारं यंत्र असतं, बाइंडिंग, त्यावर एक आकडा लावतात. तुम्ही पडलात की स्की सुटावी म्हणून. तो वजन, उंची, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही किती तयार आहात यावरून ठरतो. तेव्हा वजन विचारलं की खरं सांगा. चारचौघांत पाच किलो चोरायचे आणि गुडघा पिळवटून घ्यायचा, हे परवडणारं नाही.

आता पहिला दिवस. सपाटीवर, एकाच पायात स्की. दुसऱ्या पायानं ढकलत चालायचं. मग पाय बदलायचा. मग दोन्ही. मग आडवं होऊन एकेक पाऊल वर चढायचं, लिफ्ट नाही. लोक कंटाळतात, ‘आम्ही काय चालायला आलोय का’ म्हणतात. याच वेळी कडा कळते. स्कीच्या तळाला दोन्ही बाजूंनी लोखंडी धार असते, गुडघे किंचित डोंगराकडे झुकवले की ती बर्फात रुतते आणि माणूस जागच्या जागी उभा राहतो. ही धार ज्याला पायातून जाणवली त्याचं अर्धं काम झालं. तुमच्या लेकीला लवकर जाणवेल, चाकांवर कड धरायची तिला सवय आहे. फक्त रोलरवरचं ब्रेक मारणं तिला विसरावं लागेल.

दुपारी स्नो-प्लो. पुढची टोकं जवळ, मागची लांब, टाचा बाहेर ढकलायच्या. जेवढं रुंद तेवढा वेग कमी. माणूस घाबरला की मागं झुकतो, आणि मागं झुकला की स्की पुढं पळते. हे सगळ्यांचं होतं. हात पुढं, नजर खाली पायाकडे नाही, दहा पावलं पुढं.

पडायचं कुशीवर, डोंगराच्या बाजूला. मागं बसायचं नाही, गुडघे त्यातच जातात. पडल्यावर घाई करू नका, दम खा. उठायची रीत अशी : आधी दोन्ही स्की आपल्या खालच्या बाजूला घ्यायच्या. त्या वर असतील तर पाठीवर लोळून पाय फिरवून खाली आणायच्या. मग त्या उताराला बरोबर आडव्या करायच्या. खालच्या दिशेला तोंड राहिलं तर उभे राहिल्या राहिल्या सुटाल. गुडघे पोटाशी घ्या, कमरेजवळ हात टेका, आणि वरच्या बाजूनं अंग उचला. पोट सुटलेल्यांनी सरळ वरच्या पायाची स्की काढावी, उठावं, परत लावावी. त्यात कमीपणा नाही. पहिल्या दिवशी उठण्यातच जास्त दमायला होतं.

लिफ्टचं एक राहिलं. दोराला लोंबणारा दांडा, खाली थाळी. सगळे नवे लोक त्यावर बसायला जातात, आणि थाळी खाली जाऊन तेही खाली. ती बसायची नाही, ती मागून ढकलते. पाय ढिले, स्की समांतर, उभं राहायचं. बस्स.

वेळेचं सांगते. सकाळी उतार काचेसारखा कडक असतो. दहा ते एक उत्तम. दुपारनंतर ऊन लागून बर्फ भिजवलेल्या साबुदाण्यासारखा होतो, स्की रुतते, दमलेले पाय वळत नाहीत. दुखापती याच वेळी होतात, ‘शेवटचा एक राउंड’ म्हणताना. माझ्या पोरांना मी तीनलाच शिट्टी मारून आत घेते. समोर नंदादेवी उभी असते, सात हजार आठशे सोळा मीटर, संध्याकाळभर बघत बसा म्हणावं.

पोटरी_ताणा

फिजिओथेरपिस्ट आहे, सोलापुरातच. बाईंनी सगळं सांगितलंय, मी फक्त तयारीचं सांगतो. पाच महिने आहेत म्हणजे भरपूर. भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसायचं, अर्ध्या मिनिटापासून सुरू करून दोन मिनिटांपर्यंत न्यायचं. आठवड्यातून तीनदा पायऱ्या, आणि चढण्यापेक्षा उतरण्यावर भर. स्कीत मांडीचा स्नायू ताणात असताना भार घेतो, तो सराव उतरतानाच होतो. एका पायावर उभं राहून दात घासा. मालकांनी गुडघे ‘शाबूत’ म्हटलंय, ते एकदा तपासून घ्या. आधी कधी लिगामेंटला मार बसला असेल तर ते आत्ताच कळू दे.

आणि विमा. साध्या प्रवास विम्यात बऱ्याचदा साहसी खेळ धरलेले नसतात, अटी वाचा.

कन्नाचौक

हे सगळं वाचूनच माझी मांडी दुखालीय. मालक, तुमी जावा, आमी हुरडा खातो. येताना व्हिडिओ टाका, पडल्याला.

पार्कचौक

बाई, जवानांचा मुद्दा मान्य. पण पोरगा वीस वर्षांचा आहे, त्याला एकदा विचारा तरी. आणि आधी बोर्ड, मग स्की असं शिकलेले भरपूर लोक आहेत. मी आहे.

अक्कलकोटरोड, त्याचा कुठला पाय पुढं हे घरीच बघून ठेवा. मागून हळूच अचानक ढकला, जो पाय आधी पुढं पडतो तो पुढं. भाड्याच्या दुकानात विचारतात.

अक्कलकोटरोड

आज फोन केला. बोर्ड शिकवणारा तारखांच्या वेळी असेल का ते नंतर सांगतो म्हणाले. भाच्याला सांगितलं, नसेल तर स्की. तो ‘बघू’ म्हणालाय, म्हणजे येतोय. मागून ढकललं तर डावा पाय पुढं पडला आणि माझ्यावर ओरडला.

सात दिवसांचा कोर्स, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापासून. मुलीचं वय चालतंय. आई आणि बायको जोशीमठला राहणार, बायको म्हणते ‘मी बर्फ खोलीतून बघते’. परतीचं तिकीट दोन दिवस पुढचं काढणार.

पाऊल मोजलं. माझं साडेसव्वीस, पण डावं उजव्यापेक्षा अर्ध्या सेंटिमीटरनं मोठं निघालं. आता नंबर कुठल्या पायाचा सांगायचा?

शिट्टीवाल्या_बाई

मोठ्या पायाचा. लहान पायाचे बक्कल एक खाच जास्त आवळा. माझे स्वतःचे जुने बूट घरी आहेत, तुमच्या पायात होणार नाहीत, पण घालायचे-काढायचे कसे ते लेकीला हातात घेऊन बघता येईल. शनिवारी सकाळी सातला शाळेच्या मैदानावर या, पत्ता मेसेजमध्ये टाकते. भाचा सुट्टीला आलेला असेल तर त्यालाही आणा. लांब मोजे घेऊन या.